तुमच्या नावावर माझा दम

तात्या, तुमचा सुभाष वही घेऊन बसलाय. परवा तुमचं तेरावं. हा म्हणला, भिवानाना, तुमी तात्यांच्या हाताखाली गुऱ्हाळावर जल्म काढला, तवा चार शब्द तुमीच सांगा, मी लिहून घेतो आन तेराव्याला समद्यांपुढं वाचून दाखवतो. मला लिहिता येत न्हाय हे तुमास्नी ठावं हाय. मी शाळंत एकदाच गेलो, आन तेबी आमचं मेंढरू आत शिरलं म्हणून. मेंढरू माझ्यापरीस जास्त येळ बसलं तितं.

मी सुभाषला एकच अट घातली. म्हणलं, मी बोलंन ते जसंच्या तसं लिहायचं, मधीच पेन ठेवायचा न्हाय. तो हसला. त्याला वाटतंय, नाना नेहमीगत चार इनोद सांगणार आन लोकं चहा पिता पिता हसणार. लिही रं, हेबी लिही.

आमी तुमच्याच पडवीत बसलोय. दुपार हाय. सुभाषच्या आई, आक्का, आत तांदूळ निवडत्यात, सुपाचा आवाज येतोय. तुमची टोपी खुटीला हाय तशीच. आन कोनाड्यात ती पांढरी नळी हाय, डॉक्टरनं दिल्याली, फुंकलं की लाल काटा पुढं पळतो ती. तुमचा काटा शेवटी जितं थांबला हुता, तितं सुभाषनं निळ्या पेनानं रेघ मारल्याली हाय. मी आल्यापास्नं त्या कोनाड्याकडं पाठ करून बसलोय.

दहाव्याला नरसिंहपूरला, संगमावर, लोकं तुमच्याबद्दल काय काय बोलली म्हणून सांगू. एक म्हणला, देवमाणूस गेला. जाळ कमी करायला जरा उशीर झाला तर उलथन्यानं पाठीत हाणणारा देव मी तरी कुठल्या देवळात बघितला न्हाय. दुसरा म्हणला, तात्यांनी जल्मात कुणाला दुखावलं न्हाय. मी मागं उभा हुतो, माझा हात आपसूक पाठीकडं गेला.

मग पिंड ठेवला. झाडावर कावळं ढिगानं, पर एक बी खाली यीना. सुभाष हात जोडून म्हणला, आईला सांभाळीन. न्हाय आला. म्हणला, घरावर नवं पत्रं घालीन, तुमच्या मनात हुतं तसं. न्हाय आला. ऊन चढाय लागलं, पावण्यांचं पाय भाजाय लागलं. मग समदी माझ्याकडं बघाय लागली, कारण तुमच्या मनातलं ठावं असणारा मी एकटाच. मी पुढं झालो, हात जोडलं, आन माझ्या तोंडातनं निघालं काय? म्हणलं, "कावळ्यांनो, पिंडावरचा गूळ दुसऱ्या गुळव्याचा हाय, म्हणून तात्या येईनात." लोकं हसली. भटजी बी हसला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आन समदी जेवायला बसली.

तुमी कशासाठी थांबला हुता ते मला ठावं हुतं, तात्या. दोन वाक्यांचं काम हुतं. मी इनोद केला.

ती दोन वाक्यं आज सांगतो. पर मला एकदम सांगता येत न्हाय, म्हशीगत लांबनं फिरून यावं लागतं.

शेळगावच्या गुऱ्हाळावर तुमी गुळव्या, पाक बघून गूळ उतरवणारं. वर काहिलीपाशी तुमी, खाली चुलवाणाच्या तोंडाशी मी. मी चिपाड सारायचं, तुमी पाक बघायचा. बोट गार पाण्यात बुडवायचं, मग रटरटत्या पाकात घालायचं, परत पाण्यात, आन दोन बोटांत गोळी हुती का बघायची. तुमच्या त्या बोटाला नख कवाच नव्हतं. तुमी वरनं एकदा नुसतं "हं" केलं की मी चिपाड थांबवायचो. दोनदा "हं" केलं की जाळ मागं वढायचो. तीस हंगाम आपण दोघं एवढंच बोललो. बाकीचं मी एकटाच बोलायचो, तुमी ऐकत न्हाय असं दाखवायचा.

चिपाड वलं असलं की धूर असा व्हायचा की आपलाच हात आपल्याला दिसायचा न्हाय. खोकला दोघांना बी लागला. तुमचा खोकला मोठा, पत्र्यावर धोंडा पडल्यागत. माझा बारीक. म्हणून तुमचा घरादारानं ऐकला, माझा कुणी ऐकला न्हाय. माझ्या बायकूला वाटायचं, मी इनोद सांगायच्या आधी घसा साफ करतोय.

चार हंगामांमागं सुभाष कारखान्यात कायम झाला आन त्याला बापाची काळजी करायला सवड मिळाली. त्यानं सांगितलं, बारामतीला छातीचा डॉक्टर आठवड्यातनं एकदा पुण्याहून येतो, त्याच्यापाशी दम मोजायचं यंत्र हाय. यंत्रानं बरं सांगितलं तर खुशाल गुऱ्हाळावर जा, न्हायतर उलथनं खाली ठेवायचं आन घरी बसायचं. तुमी शब्द दिला. मी बी तितंच बसलो हुतो. तुमच्यासाठी ते गुऱ्हाळ म्हंजी काय हुतं, ते मला ठावं हुतं. तुमास्नी दुसरं काईच येत नव्हतं. शेती जमत नव्हती, भजनात आवाज लागत नव्हता, आक्काशी बोलायला इषय नव्हता. पाकात बोट घालणं एवढंच तुमचं. हे मी चेष्टेनं म्हणत न्हाय. न्हाय, चेष्टेनंच म्हणतोय, पर खरं हाय.

सुभाषची पाळी हुती, म्हणून तुमच्या संगं मी आलो. एस्टीत तुमी खिडकीपाशी बसला आन मला हळूच इचारलं, "भिवा, कितीला पास असतंय रं?"

मी म्हणलं, "पस्तीसला." जल्मात परीक्षेला न बसल्याला माणूस मी. तुमी मान हलवली. भाजत्या काहिलीत बोट घालणारा माणूस, आन तुमच्या हाताला त्या दिवशी घाम सुटला हुता.

दवाखान्यात बाकड्यावर समदी म्हातारी माणसं. एकाचा खोकला थांबला की दुसऱ्याचा सुरू. आतल्या खोलीतनं एका बाईचा आवाज येत हुता, फुंका, फुंका, फुंका, आजून, आजून, सोडू नका. आन जो म्हातारा आत जायचा तो भायेर येताना भित्ताड धरून यायचा. डॉक्टरनं तुमची पाठ नळीनं तपासली, कागद लिहिला आन म्हणला, आतल्या खोलीत जाऊन फुंकून या. तुमी तो कागद घेऊन परत बाकड्यावर बसला.

मी म्हणलं, "द्या हिकडं. बाईनं तुमास्नी कुठं बघितलंय? कागद बघती ती. तुमच्या नावानं मी फुंकतो."

तुमी म्हणला, "गप बस. हे खोटं हाय."

म्हणलं, "तात्या, वलं चिपाड फुंकणीनं पेटवणारा माणूस मी. असा फुंकतो की यंत्राची पिशवी फाटंल. डॉक्टर म्हणंल, ह्या म्हाताऱ्याला दोन गुऱ्हाळं द्या."

तेवढ्यात बाईनं तुमचं नाव पुकारलं. मी उठलो. तुमी माझा सदरा धरला हुता. मग तो सुटला. तुमी सोडला का मी वढून घेतला, ह्यावरनं आपलं भांडण आजून मिटल्यालं न्हाय. तुमी म्हणायचा, तू वढला. मी म्हणायचो, तुमी सोडला.

सुभाषचा पेन थांबलाय. अट सांगितली हुती बाबा. लिही.

लिहितोय. मान वर करत न्हाय.

आत बाईनं मला उभं करून उंची मोजली, वजन केलं, वय इचारलं. मी तुमचं वय सांगितलं, अडुसष्ट. बाई म्हणली, वाटत नाही आजोबा. माझी छाती फुगली. म्हणलं, हितंच निम्मा पास झालो. मग तिनं माझ्या नाकाला चिमटा लावला, वाळत घातल्याल्या धोतराला लावत्यात तसा, आन तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. म्हणली, छाती भरून श्वास घ्या, ओठ गच्च आवळा, आणि एका दमात सगळा बाहेर, मी थांब म्हणेपर्यंत. पहिल्या खेपंला मला हसू आलं, वारं गालातनं फुर्र करून गेलं. बाईनं डोळं वटारलं. दुसऱ्या खेपंला मी फुंकलं. बाई वरडाय लागली, आजून, आजून. आत काई उरलंच नव्हतं आजून द्यायला. तिसऱ्या खेपंला मी मायच्या दुधापास्नं जेवढं खाल्लं हुतं तेवढं लावून फुंकलं. खोली काळी झाली. मी टेबल धरलं. मला वाटलं, यंत्र फुटलं.

मग तिनं एक औषध वढायला दिलं, पाव तास बसवलं आन परत तीनदा फुंकाय लावलं. यंत्रातनं कागद निघाला. म्हणलं, बाई, पास? ती म्हणली, डॉक्टर सांगतील. आन तिनं मला सवता उठून पाणी आणून दिलं. पाणी का दिलं, हे मला तवा कळलं न्हाय.

डॉक्टरनं तो कागद बघितला, तुमच्याकडं बघितलं, परत नळी लावून तुमची पाठ ऐकली. म्हणला, "आजोबा, ऐकून एवढं वाटत नाही. पण यंत्र खोटं कशाला बोलेल?" मग त्यानं कागद आपल्या दोघांपुढं धरला. म्हणला, या रेघा बघा, चांगल्या छातीचा डोंगर असा असतो, चढ उभा आणि उतरण सरळ. आणि हा तुमचा. तात्या, त्या डोंगराची उतरण कुणीतरी आतनं उकरून न्हेली हुती. मुरमासाठी टेकडी खणत्यात तशी. डॉक्टर म्हणला, तुमच्या वयाच्या माणसानं जेवढं फुंकायला पाहिजे, त्याच्या निम्मंसुद्धा नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखायचं. धुरापाशी पाऊल टाकायचं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणला, "तुम्ही यांचे कोण? यांना जपा."

मी म्हणलं, व्हय.

तुमी अडुसष्टचं, मी सत्तावनचा. म्हंजी अकरा वर्सांची सूट घेऊन मी नापास झालो. असला इद्यार्थी साऱ्या इंदापूर तालुक्यात सापडायचा न्हाय.

भायेर आलो, स्टँडवर आलो, एस्टीत बसलो. तुमी बोलत नव्हता. मला ती चुप सोसंना. मी म्हणलं, "तात्या, मी मुद्दाम हळू फुंकलं. तुमच्या वयाला शोभावं म्हणून."

तुमी माझ्याकडं बघितलं. मग उठून उभं राहिला. म्हणला, "मुद्दाम हळू फुंकलं असशील तर उतर खाली. आपण परत जाऊ. बाईला सांगू चूक झाली, आन तू जोरात फुंक."

गाडी आजून चालू बी झाली नव्हती. डायव्हर खाली तंबाकू मळत हुता. दार उघडं हुतं. मी काई उठलो न्हाय.

तुमी उभंच हुता. मग हळू बसला. म्हणला, "म्हंजी ते तुझं हाय."

मी खिडकीतनं उसाच्या रसाचा गाडा बघत बसलो. म्हणलं, "तुमी जावा की आत. तुमी फुंका."

"आन तुझं काय सांगू? हा कागद कुणाचा म्हणून सांगू?" तुमी म्हणला. "गावात कळलं तर तुला चुलवाणापाशी कोण उभा करंल? तुला तरी दुसरं काय येतंय?"

मी म्हणायला पायजे हुतं, तात्या, उतरा. मी म्हणायला पायजे हुतं, माझं मी बघतो. मी म्हणलं, "मेंढरं राखीन." आन तुमास्नी बी ठावं, मला बी ठावं, माझ्याकडं एक शेळी सुदिक नव्हती. तुमी खिशातनं तो कागद काढला, नीट घडी घातली आन परत खिशात ठेवला. गाडी चालू झाली. मला सुटल्यागत झालं. खोटं कशाला सांगू, भूक बी लागली.

सुभाष, तुला आठवत असंल, तू तो कागद वाचला आन तात्यांच्या पायाशी बसला. तू म्हणला, तात्या, आता तुमी काई करायचं न्हाय, मी हाय. ते म्हणलं, बरं. एवढंच. उलथनं त्यांनी माझ्या हातात दिलं, गुऱ्हाळावर पोचवाय. मी ते खांद्यावर टाकून शीळ घालत गेलो.

हितनं फुडं जे हाय ते सांगायला मला इनोद सापडंना.

ती दोन वाक्यं ही घ्या, तात्या. तो कागद माझा हाय. तुमी नापास नव्हता. आता बाकीचं.

नवा गुळव्या आला. त्याला पाक कळायचा न्हाय, घड्याळ बघून उतरायचा. लोकं इचारायची, तात्या का येत न्हायत. मला भ्या वाटायचं, कुणी जास्त इचारलं तर माझा चेहरा फुटंल. म्हणून मी त्याचा खेळ केला. दुपारी भाकरी खाऊन झाली की मी दाणं काढल्यालं कणसाचं बुरकुंड नळीगत तोंडात धरायचो, नाक दाबायचो आन म्हणायचो, बघा, तात्यांची परीक्षा. गाल फुगवायचो, डोळं फिरवायचो, फुस्स करायचो आन चिपाडाच्या ढिगावर आडवा पडायचो. लोकं लोळायची हसून. रोज मागायची. सारा हंगाम मी तुमाला नापास केलं, रोज दुपारी, भाकरीनंतर.

एक दिवस तुमी बैलगाडीच्या आडाला उभं हुता. सुभाषनं यायला बंदी केली हुती, पर तुमी चोरून आला हुता, वास घ्यायला. मी ढिगावरनं उठताना तुमी मला दिसला. समदं बघितलं हुतं तुमी, पहिल्यापास्नं. तुमी म्हणला, "बराबर करतोस. अगदी अस्संच केलं असशील."

लोकं परत हसली. त्यास्नी वाटलं, तात्यांनी मनाला लावून घेतलं न्हाय. मी बी हसलो. तुमी वळून गेला. त्या माळावर तुमाला दम लागत नव्हता, चढ हुता तरी. मी बघत हुतो.

आन सकाळचं काय सांगू. डॉक्टरनं तुमास्नी औषध दिलं हुतं, एक टोपणासारखं यंत्र, त्यात कॅप्सूल फोडायची आन पावडर वढायची. सुभाष दर महिन्याला बारामतीहून आणायचा. तुमी ते कवाच वढलं न्हाय. मी सकाळी चहाला यायचो, तवा तुमी मला गोठ्यामागं न्ह्यायचा आन हातात द्यायचा. "घे. तुझं हाय." मी वढायचो. छाती मोकळी व्हायची. मग तोंड पुसून मी गुऱ्हाळावर जायचो, चुलवाणापाशी उभा राहायचो आन दुपारी तुमाला नापास करायचो. तुमच्या औषधावर. तुमी कवा चुकला न्हाय, पावसात न्हाय, तापात न्हाय. एकदा तुमी गावाला गेला तवा पुडी करून आक्कांकडं ठेवली, म्हणला, भिवाची तपकीर हाय. मी जल्मात तपकीर वढली न्हाय. आक्कांनी काई इचारलं न्हाय.

आत सुपाचा आवाज थांबलाय.

दोन वर्सांनी सुभाषनं तुमास्नी परत बारामतीला न्हेलं, ह्या खेपंला सवता. मला म्हणला, नाना, तुमी बी चला. दुसरी बाई हुती. तिनं तुमची उंची मोजली, जुना कागद बघितला आन म्हणली, आजोबा, तुम्ही चार बोटं वाढलात की. सुभाष हसला, म्हणला, पहिल्या बाईंचं मोजायचं चुकलं असंल. मी बुटका, तात्या. ह्या जगात कुणाच्या बी लक्षात आलं न्हाय की मी बुटका हाय.

मग तुमी आत गेला आन तुमच्या सवताच्या छातीनं फुंकलं. डॉक्टर कागद बघून खुर्चीतनं उठलाच. म्हणला, हे असं सहसा होत नाही. भायेरच्या म्हाताऱ्यांना बोलवून दाखवलं, बघा, धूर सोडला आणि औषध नियमानं घेतलं की छाती कशी राहते. तुमच्या खांद्यावर हात ठिवला. समदी म्हातारी माणसं तुमच्याकडं बघत हुती, गाभाऱ्यात बघावं तशी.

तुमी म्हणला, "मग आता जाऊ का गुऱ्हाळावर?"

डॉक्टर म्हणला, "आता तर मुळीच नाही. ज्यानं सुधारलं तेच मोडायचं का?"

तुमी माझ्याकडं बघितलं. एकदाच. तवा बी दार उघडं हुतं. दोन वाक्यं. मी टोपी काढून डोकं खाजवलं.

येताना सुभाषनं पेढं घेतलं. मी दोन खाल्लं.

डॉक्टरनं ती नळी तवाच दिली, रोज सकाळी फुंकून काटा बघायला. तुमी फुंकायचा, सुभाष बघायचा, खूश व्हायचा. आक्का मला सांगायच्या, हे दुपारचं खाटंवर पडल्या पडल्या मधीच "हं" म्हणत्यात, मग परत "हं". त्यास्नी वाटायचं, सपान पडलं असंल. तात्या, मला ठावं हाय. वारं तिकडनं असलं की गुऱ्हाळाचा वास पार पडवीपातुर यायचा. तुमी वासावरनं पाक बघत हुता. हितनं, खाटंवरनं, मला सांगत हुता, जाळ मागं वढ. मी तितं खाली उभा. मला ऐकू येत नव्हतं. गूळ करपायचा.

आन मग ह्या महिन्यात अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इंदापूरच्या दवाखान्यात तुमी चार दिवस पडून हुता. तिथला डॉक्टर म्हणला, दुसरा माणूस पहिल्याच दिवशी गेला असता, आजोबांची छाती दणकट म्हणून तगलेत. सुभाष रडत रडत म्हणला, धूर बंद केला त्याचं पुण्य. मी खाटंच्या पायथ्याला हुतो.

चार दिवस मी तुमचा श्वास ऐकला. वर जायचा, खाली यायचा, भात्यागत, एक बी चुकत नव्हता. बाकी समदं मेलं हुतं. बोट मेलं हुतं, ते नख नसल्यालं. मी त्या बोटाला हात लावला, गार हुतं, पाण्यातनं काढल्यागत. मी तुमच्या कानाशी इनोद सांगत हुतो, कारण मला दुसरं काई येत न्हाय. तुमी डोळं उघडं ठेवून ऐकत हुता. छाती चालू हुती. चौथ्या दिवशी दुपारी ती एकदा थांबली, परत चालू झाली, आन मग थांबली. मला वाटलं, तुमी दोनदा "हं" म्हणला.

त्या कागदापायी तुमी मला कवा शिवी दिली न्हाय, हेच मला सोसत न्हाय. उलथन्यानं हाणला असता तर मी गप झालो असतो. तुमी मला श्वास दिला, आन मी त्यावर तुमची नक्कल केली. आजून करतोय. दहाव्याला बी इनोदच केला.

झालं, सुभाष. एवढंच.

सुभाषनं पेन खाली ठेवला. ह्या खेपंला मी काई बोललो न्हाय. तो उठला, कोनाड्याकडं गेला, नळी घेऊन आला. सदऱ्याच्या टोकानं तिचं तोंड पुसलं. लाल काटा बोटानं मागं सारला, पार तळाला. आक्का दारात येऊन उभ्या हुत्या.

तो म्हणला, "फुंका, नाना."

मी म्हणलं, आरं, आता कशाला.

तो म्हणला, "फुंका. तुमच्या नावानं."

मी फुंकलं, तात्या. इनोद न करता फुंकलं. एकदाच. मग बराच येळ मला भित्ताड धरून बसावं लागलं. आक्का आत गेल्या आन त्यांनी मला पाणी आणून दिलं.

आता सुभाषनं पेन परत उचललाय. हे मी सांगतोय ते लिहितोय. म्हणला, परवा तेराव्याला हे समदं वाचणार, पहिल्यापास्नं, आन वाचून झालं की नळी लोकांत फिरवणार, ज्याला बघायचं त्यानं बघावं. म्हणलं, फिरव.

त्यानं माझा काटा जितं थांबला तितं बी निळी रेघ मारली. हात हलला न्हाय त्याचा. नळीवर आता दोन रेघा हायत, तात्या. लांब लांब हायत. वरची तुमची.